राहिलेला शेक

१

मंगळवारी सकाळी सुमित्राबाईंनी अंगावरचं सगळं धातूचं उतरवायचं आणि चंद्रकांतरावांच्या हातात द्यायचं, हा आता नेमच होऊन बसला होता. मंगळसूत्र, पाटल्या, कानातल्या कुड्या, पायातली जोडवी. क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत, काचेच्या दाराशी हे चालायचं. त्या एकेक वस्तू रुमालात ठेवत, रुमालाला गाठ मारत आणि पुरचुंडी नवऱ्याच्या तळहातावर ठेवून आत जात. चंद्रकांतराव ती मुठीत धरत, मूठ कोटाच्या खिशात घालत आणि ताठ बसून राहत. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. खुर्चीला पाठ टेकायची सवय नव्हती.

क्लिनिक चंडीगडच्या सेक्टर सतरामध्ये, दुकानांच्या वरच्या मजल्यावर होतं. भिंती पांढऱ्या, खुर्च्या पांढऱ्या. समोरच्या भिंतीवर एका बाईच्या पोटाचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. चंद्रकांतराव त्या फोटोंकडे पाठ करून बसायचे.

ही भानगड त्यांच्या मुलीची, विनयाची. तिचा नवरा कैवल्य हवाई दलात, राहायला झिरकपूरचा फ्लॅट. पोटाची कातडी ताठ करून घ्यायला म्हणून विनयानं इथं नाव घातलं, आणि तेवढ्यात इतक्या वर्षांनी तिला दिवस गेले. रेडिओ लहरींची ती ऊब गरोदर बाईला देत नाहीत. घरातल्या दुसऱ्या कुणी उरलेल्या सिटिंग घेतल्या तरी चालेल, असं क्लिनिकनं सांगितलं. डॉक्टरांनी विनयाला प्रवास बंद केला होता. तिला बाळंतपणाला माहेरी जाता येईना, म्हणून माहेरच तिच्याकडे आलं होतं. कैवल्य कामगिरीवर बाहेर, घरात हे तिघं.

"आई, तू जा की," विनया म्हणाली.

चंद्रकांतरावांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, या वयात पोट आवळून दाखवायचं कुणाला. विनया हसली. म्हणाली, "आप्पा, कापत नाहीत, टोचत नाहीत. नुसती ऊब असते. शेक दिल्यासारखं वाटतं."

शेक म्हटल्यावर सुमित्राबाईंनी निवडत असलेली मेथी खाली ठेवली. "मी जाते," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात बायको अशा आवाजात फार थोड्या वेळा बोलली होती. पहिल्याच मंगळवारी चंद्रकांतराव तिच्याबरोबर निघाले, आणि मग दर मंगळवारी.

बाहेर धुकं असायचं. आतून यंत्राची बारीक घरघर यायची. बायको बाहेर यायची तेव्हा गाल तांबूस झालेले असायचे आणि तोंडावर असं काही समाधान असायचं की चंद्रकांतरावांना विचारायचा संकोच वाटे.

आणि एका मंगळवारी यंत्र चालवणारी मुलगी, गुरलीन, दार उघडून बाहेर आली. म्हणाली, "अंकलजी, जरा अंदर आएंगे? आंटीजी के पेट का कभी कोई ऑपरेशन हुआ है?"

२

खोलीला खिडकी नव्हती. एक पलंग, एक यंत्र, एक वॉश बेसिन. सुमित्राबाई डोळे मिटून पडल्या होत्या. साडी कमरेखाली सरकवलेली, पोट उघडं, त्यावर काचेसारखं जेल. बायकोचं पोट चंद्रकांतरावांनी भर उजेडात कधी पाहिलं नव्हतं. सैल पडलेलं, सुरकुतलेलं, पिठाच्या रिकाम्या पिशवीसारखं. त्यांनी नजर भिंतीकडे वळवली.

गुरलीननं समजावून सांगितलं. यंत्राचा हा गोल दांडा जेलवरून फिरवत राहायचा. कातडी जोराचा ताप आल्याइतकी गरम होते. तिथं थोडा वेळ धरून ठेवली की ती आतून आखडते. गरम किती झाली ते या पिस्तुलासारख्या मापकावर दिसतं. तिनं मापक बेंबीच्या वर धरलं, उजवीकडे धरलं. आकडे बरोबर होते. मग बेंबीच्या खाली डावीकडे धरलं आणि आकडा झरझर खाली आला.

सगळं पोट तांबडं झालं होतं. ती एक जागा, तळहाताएवढी, पांढरीच होती.

मशीन ठीक आहे, ती म्हणाली, मी माझ्या हातावर लावून बघितलं.

चंद्रकांतरावांनी हाताची मागची बाजू तिथं टेकवली. ही जागा गरम होत नाही, एवढंच गुरलीन म्हणाली होती. हे त्याच्या पुढचं होतं. भरलेल्या माठाला बाहेरून हात लावावा तसं गार लागलं. बर्फाच्या चौक्यांवर त्यांनी जवानांची गारठलेली बोटं पाहिली होती, ती लाकडासारखी असतात. हे मऊ होतं. मऊ आणि गार.

"दुखतंय का?"

"नाही हो," डोळे न उघडता सुमित्राबाई म्हणाल्या. "बरं वाटतंय."

वय झालं, रक्त खेळत नसेल, चंद्रकांतरावांनी मनाशी ठरवून टाकलं. माणसाला कारण सापडलं की झोप लागते. त्यांनाही लागली.

गुरलीननं त्या जागेभोवती पांढऱ्या पेन्सिलनं गोल काढून ठेवला होता. पोटाला साबण लावू नका, असं बजावून सांगितलं होतं. पुढच्या मंगळवारी तिनं पुन्हा त्यांना आत बोलावलं. गोल तिथंच होता, जरा पुसट. गोलातली कातडी इतर पोटासारखी गरम होत होती. गार जागा तिथं नव्हती. ती वर सरकली होती, बेंबीच्या उजव्या अंगाला.

"ठंड है ना," गुरलीन म्हणाली. "इसलिए." आणि हात अ‍ॅप्रनला पुसला. हात कोरडाच होता.

३

त्याच दिवशी परतीच्या रिक्षात ती पुरचुंडी सुटली. झिरकपूरच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी झाली होती. सुमित्राबाईंनी मंगळसूत्र मागितलं. चंद्रकांतरावांनी मांडीवर रुमाल उघडला. पाटल्या, कुड्या, जोडवी, आणि त्यांच्यात एक चांदीचा वाळा.

तान्ह्या पोराच्या पायातला. काळवंडलेला, झिजलेला. चंद्रकांतरावांच्या करंगळीतही गेला नसता. त्याला दोन घुंगरं होती, ती वाजत नव्हती. आतले दाणे केव्हाच पडून गेले असावेत.

"हा कुठला?"

सुमित्राबाईंनी मंगळसूत्र गळ्यात घातलं, पदर सारखा केला आणि मग सांगितलं. सांगताना त्या समोरच्या ट्रककडे पाहत होत्या.

विनयाच्या आधी एक मुलगा झाला होता, हे चंद्रकांतरावांना ठाऊक होतं. तेवढंच ठाऊक होतं. ते तेव्हा सिक्कीममध्ये, बर्फानं वाट बंद झालेल्या चौकीवर. पोर झालं आणि गेलं, हे रजेवरून परतलेल्या गाववाल्यानं सांगितलं. पुढं ते घरी आले तेव्हा कुणी काही बोललं नाही, आणि बापानं विचारायची रीत नव्हती. मग विनया झाली. त्या पोराबद्दल नवरा-बायकोत कधी शब्द निघाला नाही.

सुमित्राबाईंनी तो आज काढला. पाटणकडचं त्यांचं माहेर, पौषातली थंडी. पोर दिवस भरायच्या आत आलं. रडलं, पण बारीक. सुईण म्हणाली, आधी शेक द्या, शेकानं धरेल. शेगडी आणली तर कोळसे ओले. फुंकून फुंकून घरात धूर झाला, धग काही धरेना. भावजय शेजारी निखारे आणायला धावली. ती येईपर्यंत पोर छातीशी धरलं होतं.

"गार होत गेलं," त्या म्हणाल्या. "पायाकडनं वर. निखारे आले तेव्हा ते माझ्याच बाजेखाली ठेवले. मला शेक मिळाला. त्याला नाही मिळाला."

आजोबानं वाळे हौसेनं आधीच करून ठेवले होते. एक पायात तसाच राहिला, त्याच्याबरोबर मातीत गेला. दुसरा बाजेवर सापडला. तो त्यांनी परकराच्या नेफ्यात घालून ठेवला. परकर बदलला की वाळा नव्या नेफ्यात. इतकी वर्षं तो पोटाशी होता. इथं धातू चालत नाही म्हणून मंगळवारी काढावा लागे.

चंद्रकांतरावांनी वाळा तिच्यापुढे धरला. तिनं त्यांची मूठ मिटवली.

"राहू दे तुमच्याकडं. तुम्ही कुठं धरलंय त्याला कधी."

पुढची गाडी हलली. चंद्रकांतरावांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी रिक्षावाल्याला डाव्या हातानं घे म्हणून सांगितलं.

४

वाळा त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. अधूनमधून बोटानं चाचपायचा, एवढाच चाळा. हलवून पाहिला तरी वाजत नव्हता.

म्हणून तो आवाज आला तेव्हा ते चमकले. दुपार होती. विनया बाहेरच्या खोलीत पडली होती, सुमित्राबाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. थापण्याच्या आवाजात मध्येच एक बारीक आवाज आला. छुम. थापणं थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा छुम.

चंद्रकांतरावांनी खिशात हात घातला. वाळा जागेवर, मुका.

ते दारात जाऊन उभे राहिले. सुमित्राबाई पाठमोऱ्या होत्या. पिठाचा एक हात परातीत, दुसरा पोटावर. शेजारच्या फ्लॅटमधला आवाज असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. या इमारतींच्या भिंती पुठ्ठ्याच्या. वरच्या मजल्यावर एक पंजाबी कुटुंब होतं, त्यांच्याकडे लहान मूल होतं. असणारच.

संध्याकाळी चहा घेताना विनया हसत म्हणाली, "आप्पा, मला सगळं कळलंय. वाळे आणलेत ना बाळासाठी? आधी काही आणायचं नाही म्हणून मला दम भरला होतात, आणि स्वतःच. दुपारी ऐकलं मी."

"कुठं ऐकलं?"

"झोपेत. अगदी कानाशी."

सुमित्राबाईंनी कप खाली ठेवला. दोघांची नजरानजर झाली. बायकोच्या डोळ्यात भीती नव्हती. चोरून जपलेलं कुणी पाहिलं की माणूस लाजतं, तसं काहीतरी होतं.

त्या दिवसांत सुमित्राबाई दोन स्वेटर घालून वावरत. हात गारेगार असत, ओठ निळसर. विचारलं तर म्हणत, चंडीगडची थंडीच तसली. पण जेवण चांगलं जाई, चेहरा तुकतुकीत होता. बसल्या बसल्या मांडी हलवत. मांडीवर कुणी नसताना मांडी हलवणारी बायको चंद्रकांतरावांनी पाहिली, आणि त्यांना तिची माया आली. भीती नंतर आली.

एका दुपारी मायलेकी एकमेकींना बिलगून झोपल्या होत्या. चंद्रकांतराव बाल्कनीत होते. विनयाची हाक आली म्हणून आत गेले. ती उठून बसली होती, एक हात पोटाच्या डाव्या अंगाला.

"आप्पा, इथं बघा ना. बर्फाची पिशवी ठेवल्यासारखं झालंय."

त्यांनी हात लावला. तळहाताएवढं. मऊ.

"बाळ हलतंय का?"

"सकाळी हलत होतं." ती थांबली. तिचा चेहरा बदलला. "आत्ता नाही हलत."

चंद्रकांतरावांनी झोपलेल्या बायकोच्या खांद्याला धरून हलवलं. आवाज चढवला नाही, पण असा आवाज त्यांनी घरात कधी काढला नव्हता. "सुमित्रा, ऊठ. त्याला बोलव."

सुमित्राबाई उठल्या. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी मुलीला जवळ ओढलं, तिच्या पोटाला आपलं पोट टेकलं आणि डोलत राहिल्या, ओठांत काहीतरी पुटपुटत. विनया बावरून बापाकडे पाहत होती. मग एकदम म्हणाली, "हललं." आणि रडायला लागली.

त्यांनी तिला गरम दूध दिलं. दवाखान्यात नेऊन आणलं. सगळं ठीक आहे, डॉक्टर म्हणाले. थंडी लागली असेल.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत ऊन आलं, फिकट, पाण्यासारखं. विनया अंघोळीला गेलेली पाहून चंद्रकांतराव बायकोसमोर बसले.

उद्यापासून क्लिनिक बंद, त्यांनी सांगितलं.

"थोडंच राहिलंय," सुमित्राबाई म्हणाल्या. "आता ऊब धरायला लागलाय. आधी दगडासारखा होता. तुम्ही हात लावून बघा."

"मी बघितलंय. विनयाच्या पोटाला हात लावून बघितलंय."

सुमित्राबाईंची नजर आतल्या दाराकडे गेली.

"तिच्या पोटाकडं चाललाय तो, सुमित्रा."

"त्याला काय कळतं हो. ऊब दिसली की जाणार. एवढंसं ते."

"म्हणून तर म्हणतोय. त्याला कळत नाही. आपल्याला कळतं."

सुमित्राबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. खाली भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. चंद्रकांतरावांना वाटत होतं की बायको भांडेल, निदान रडेल. ती रडली नाही.

"मग मी त्याला परत कुठं टाकू?" एवढंच तिनं विचारलं.

फौजेत प्रश्नाला उत्तर नसलं की माणूस बूट पुसत बसतो. चंद्रकांतराव आत गेले आणि बूट पुसत बसले. पुसता पुसता त्यांना आपण काय करतोय ते समजलं नाही, पण त्यांचा डावा हात शर्टाखाली गेला आणि कमरेचा करदोडा चाचपू लागला. काळा, जाड, आईनं लहानपणी बांधलेल्याच्या जागी वेळोवेळी नवा बांधत आलेला. त्यांच्याकडच्या पुरुषाच्या कमरेला तो असायचाच. फौजेत पोरं चेष्टा करायची, तरी त्यांनी सोडला नव्हता.

करदोड्याची गाठ त्यांनी सोडली. खिशातला वाळा काढला आणि त्यात ओवला. मग गाठ पक्की बांधली आणि शर्ट खाली ओढला. गार चांदी पोटाला लागली तेव्हा अंगावर काटा आला.

बाल्कनीत परत येऊन त्यांनी सांगितलं, "उद्या मंगळवार. जायचं. मी आत येणार."

सुमित्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. शर्टाकडे पाहिलं. बायकोला नवऱ्याच्या कपड्यातली घडी बदललेली समजते.

६

सेक्टर सतरामध्ये धुक्यानं समोरची दुकानं पुसून टाकली होती. सुमित्राबाईंनी पुरचुंडी बांधली आणि सवयीनं पुढं केली. चंद्रकांतरावांनी ती घेतली आणि मागोमाग आत शिरले. त्या खोलीत एकटीनं राहायचं गुरलीनच्याही जिवावर आलं होतं, असं तिच्या तोंडावरून वाटलं. तिनं त्यांच्यासाठी स्टूल ओढलं.

यंत्राची घरघर सुरू झाली. जेलचा जाड थर पोटावर पसरला. दांडा गोल गोल फिरू लागला. कातडी तांबूस झाली. गार जागा आता बेंबीच्या पार वर, बरगड्यांच्या खाली होती. छातीकडे निघालेली. गुरलीन तिथं दांडा नेत होती आणि मापक बघत होती आणि मान हलवत होती.

चंद्रकांतरावांनी शर्टाची खालची बटणं काढली. अंगानं पलंगाला चिकटून बसले. पोट पलंगाच्या कडेला लागलं. उजवा हात त्यांनी बायकोच्या पोटाच्या कडेला, जेलमध्ये, पालथा ठेवला.

"अंकलजी, हाथ..." गुरलीन म्हणाली. मग तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि यंत्र बंद केलं. बेसिनकडे वळून तिनं नळ सोडला आणि हात धुवत उभी राहिली, बराच वेळ.

चंद्रकांतरावांना वाटलं, आपण मूर्ख दिसतोय. पोटावर हात ठेवून बसलेला म्हातारा. कुणाला हाक मारायची, नाव तरी काय. बारसं झालंच नव्हतं.

"ये," ते म्हणाले. घसा खाकरला. "ये, बाळा. मी आहे. तिकडं ताईला त्रास द्यायचा नाही. माझ्याकडं ये. माझ्याकडं पण ऊब आहे."

सुमित्राबाईंच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं.

काही झालं नाही. नळाचा आवाज येत राहिला. चंद्रकांतराव जेलकडे पाहत होते. पारदर्शक, गुळगुळीत थर, वरच्या दिव्याचा उजेड त्यात पडलेला. बरगडीखालची पांढरी जागा. हे सगळं आपल्या दोघांच्या डोक्यातलं आहे, त्यांना वाटलं. म्हातारी माणसं, परक्या गावी, धुक्यात. मापक बिघडलं असेल. विनयाला थंडी लागली असेल.

तेव्हा जेल दबलं.

बरगडीखाली, वरून बोटानं दाबावं तसं. पण बोट नव्हतं. त्यांच्या अंगठ्याच्या पेराएवढी एक खूण उमटली, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. रुंद टोकाला तांदळाच्या दाण्यांसारखे पाच ठिपके. ती भरून यायच्या आत तिच्या पुढं दुसरी उमटली. आणि तिसरी. वाकडीतिकडी, कधीच न चाललेल्या माणसाची चाल. एका पावलाभोवती कड्यासारखी बारीक रेघ होती. दुसऱ्याभोवती नव्हती.

छुम.

पावलं त्यांच्या हाताशी येऊन थांबली. चंद्रकांतरावांनी श्वास घेतला नाही. त्यांच्या तर्जनीला काहीतरी लागलं, गार, ओलं, आणि तिच्याभोवती वळलं. पकड अगदी हलकी होती. तरी तशी पकड त्यांच्या हातांनी आयुष्यात दुसरी अनुभवली नव्हती.

मग मनगट गार पडलं. मग दंड. मग शर्टाच्या आत, करदोड्यापाशी, काहीतरी अंग आक्रसून घेऊन बसलं.

"गेला?" डोळे न उघडता सुमित्राबाईंनी विचारलं.

"आला," चंद्रकांतराव म्हणाले.

गुरलीननं नळ बंद केला. मापक घेऊन पोटभर फिरवलं. सगळीकडे एकच आकडा. तिच्या हातातलं मापक वळताना ओझरतं चंद्रकांतरावांच्या पोटासमोरून गेलं. तिनं पडद्यावर पाहिलं. मग ते ट्रेमध्ये उलटं ठेवून दिलं.

७

विनयाला मुलगी झाली. टपोरी, तांबडी, घर डोक्यावर घेणारी. नाव ईश्वरी ठेवलं. घरात शेगडी पेटवायची नाही, असं विनयानं आईला आधीच निक्षून सांगितलं होतं, तरी सुमित्राबाईंनी बाल्कनीत का होईना निखारे केले, कपडा तापवला आणि नातीच्या टाळूला, पायांना शेक दिला. हात आता गरम होते. ओठांना रंग आला होता.

पोट खरंच जरा आवळून आलं होतं. विनया चिडवायची. सुमित्राबाई परकराच्या नेफ्यावरून हात फिरवायच्या.

आजोबा मात्र नातीला पोटाशी घेत नाहीत, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. घेतलीच तर खांद्यावर, उंच, आणि लगेच परत देतात. मुलगी झाली म्हणून की काय, असं कैवल्यच्या घरचे कुणी फोनवर म्हणाले. चंद्रकांतरावांनी ऐकून घेतलं. लोकांना काय वाटायचं ते वाटू दे.

ते आता सकाळी उन्हात बसतात. शर्ट वर करून, पोट उन्हाकडे धरून. उन्हाळा चढला तरी स्वेटर काढत नाहीत. जेवण वाढलंय, वजन उतरलंय. डॉक्टरांनी थर्मामीटर दोनदा लावला, झटकला, तिसऱ्यांदा लावला आणि मग वयाबद्दल काहीतरी बोलले.

सुमित्राबाई रबरी पिशवीत गरम पाणी भरून आणतात. फडक्यात गुंडाळून नवऱ्याच्या स्वेटरखाली ठेवतात, करदोड्याला लागेल अशी. मग शेजारी बसतात.

एकदा चंद्रकांतराव म्हणाले, "मला न्यायची वेळ येईल तेव्हा लोक करदोडा तोडायला येतील."

"हूं."

"तोडू द्यायचा नाही."

सुमित्राबाईंनी पिशवी जरा सरकवली. त्यांना आपल्या गावची तान्ह्या पोरांची माती आठवली असावी, ओली, गार. आणि मोठ्या माणसांना देतात तो अग्नी.

"नाही देणार," त्या म्हणाल्या. "तेवढाच त्याचा राहिलेला शेक."

आत ईश्वरी रडायला लागली. विनया तिला घेऊन फिरू लागली. रडणं हळूहळू थांबलं, आणि बाल्कनीत, स्वेटरच्या आतून, फार बारीक आवाज आला. एकापाठोपाठ दोन. त्यातला एक त्या मुक्या वाळ्याचा होता.

"जागा झाला का?" सुमित्राबाईंनी हळूच विचारलं.

चंद्रकांतरावांनी स्वेटरवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

"खेळतोय," ते म्हणाले. "बोलू नकोस."